३१८ सेंटीमॉर्गन: घरच्या डीएनए चाचणीचं एक प्रकरण

जानेवारी २०२२ मध्ये माझ्या डीएनए जुळणीच्या यादीत सर्वांत वर एक अनोळखी नाव आलं. वेल्समधल्या कार्डिफची बाई, साधारण माझ्याच वयाची. आमच्यात ३१८ सेंटीमॉर्गन इतका डीएनए सामाईक होता. तिच्या खालचं नाव ४४ वर होतं आणि त्याखाली तीस, पंचवीस, वीस असे शेकडो लोक. अशा यादीत ३१८ म्हणजे दारात येऊन उभं राहिलेलं माणूस.

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. चाचणीचा संच नोव्हेंबरच्या सवलतीत घेतला होता. वडिलांकडची माणसं देवगडकडे कुठून आली असावीत, एवढंच कुतूहल होतं. त्याचं उत्तर काही मिळालं नाही. वंशाच्या टक्केवारीत जवळजवळ सगळं दक्षिण आशिया आलं, आणि ते आरशात बघूनही कळलं असतं. या टक्केवाऱ्या कंपनीकडे असलेल्या नमुनागटांशी तुलना करून काढलेला अंदाज असतात. कुटुंबाचा इतिहास शोधायचा तर खरी उपयोगाची ती जुळणीची यादी.

तेव्हापासून इथल्या मराठी ओळखीच्या लोकांपैकी कोणीतरी दर दोन-तीन महिन्यांनी विचारतं, कुठला संच घेऊ? आमच्या घरात जे झालं ते त्यांच्यासाठी एकदा सलग लिहून ठेवते आहे.

घरात काय माहीत होतं

आमचं गाव विजयदुर्गजवळ, देवगड तालुक्यात. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आणि जुने कागद शोधताना त्यामुळे रत्नागिरी याच नावाखाली बघावं लागतं. माझे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच भावंडं. दोघंही बोटीवर खलाशी. कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष मुंबईच्या गोदीतून असेच इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर चढले.

आजोबांचं लग्न त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी झालं. आमच्याकडे ही रीतच होती, मामाची मुलगी हक्काची मानत. या लग्नाला पुढे फार महत्त्व आहे, म्हणून इथेच सांगते. त्यांची मुलं तीन: थोरले काका, मग १९४१ ची आत्या आणि १९४६ चे माझे वडील. काका आणि वडील दोघंही आता नाहीत. आत्या डोंबिवलीला असते.

धाकट्या आजोबांचं लग्न १९४० साली झालं, १९४२ साली मुलगा झाला. त्यानंतर ते बोटीवर गेले. १९४३ मध्ये शेजारच्या वाडीतला एक खलाशी सुट्टीवर आला आणि त्याने सांगितलं की त्यांची बोट बुडाली. सरकारी कागद आला नाही, भरपाई आली नाही. तेवढ्या एका निरोपावर धाकट्या आजीचं कुंकू पुसलं गेलं. तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची होती. १९८७ साली ती गेली. मी तिला पांढऱ्या कपाळानेच पाहिलं आहे. तिचा मुलगा, माझे गावचे काका, आजही त्याच घरात राहतात.

आकडा वाचताना

सेंटीमॉर्गन हे दोन माणसांत सारखे निघालेले डीएनएचे तुकडे मोजायचं माप. आई आणि मूल यांच्यात सुमारे ३४०० ते ३५०० निघतात. पुढची नाती एका तक्त्यावरून बघायची. ब्लेन बेटिंजर या अमेरिकन अभ्यासकाने हजारो लोकांकडून नातं आणि आकडा अशा जोड्या गोळा करून तो केला, आणि त्याची मार्च २०२० ची आवृत्ती सगळे वापरतात. त्यानुसार सख्खी चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं सरासरी ८६६ वर येतात, पण पल्ला ३९६ ते १३९७ इतका मोठा. त्यांच्या मुलामुलांत सरासरी २२९. आजोबा एक आणि आज्या दोन, अशा नातवंडांत सरासरी ४४९, पल्ला १५६ ते ९७९.

साइटने आमच्या नात्यावर ‘कझिन’ असा शिक्का मारला होता. आपल्याकडे त्याला चुलत, आते, मामे, मावस असे चार शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दातच बाजू कळते. आकड्याला बाजू नसते. बाजू आपणच शोधून काढायची.

मी कार्डिफच्या बाईला निरोप पाठवला. उत्तर त्याच रात्री आलं. तिच्या आईचा जन्म मार्च १९४९ मध्ये कार्डिफला, बंदराजवळच्या ब्यूटटाउनमध्ये झाला होता. त्या वस्तीत सोमाली, येमेनी, भारतीय असे जगभरचे खलाशी उतरत आणि काही तिथेच राहत. आईच्या जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा होता. आजीने मरेपर्यंत एवढंच सांगितलं होतं की तो मुंबईचा खलाशी होता.

मुंबईचा खलाशी, १९४८-४९. आजोबा त्या काळात बोटीवर होते, आणि धाकट्या आजोबांना आमच्या लेखी जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यामुळे मी धरून चालले की हे आजोबांचंच दुसरं घर. ३१८ हा आकडा त्या पल्ल्यात बसतही होता. कित्येक महिने मी त्याच समजुतीत होते आणि कोणाला काही बोलले नाही.

आत्याची चाचणी

जून २०२२ मध्ये आत्या माझ्याकडे राहायला आली. नात्याचा शोध घ्यायचा तर घरातल्या सर्वांत मोठ्या पिढीची चाचणी आधी करावी, हा नियम पक्का आहे. दर पिढीला डीएनए निम्मा गळतो. माझ्यात आजोबांचा सुमारे पाव भाग आहे, आत्यात अर्धा. ती गेली असती तर तो अर्धा भाग कुठल्याही पैशाने परत मिळाला नसता.

थुंकीचा संच वयस्क माणसाला सोपा नसतो. आधी अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही. आत्याचा सकाळचा चहा लांबला आणि ती कावली. नळी रेषेपर्यंत भरायला तिला पंधरा मिनिटं लागली. तोंड कोरडं पडत होतं. गालांवरून बाहेरून हळूहळू चोळलं आणि कैरीच्या लोणच्याची बरणी समोर उघडून ठेवली, तेव्हा जमलं. फेस धरायचा नाही, खाली साठलेलं पातळ धरायचं. मग टोपणातलं औषध त्यात उतरवून नीट हलवायचं. काही कंपन्या थुंकीऐवजी गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात. म्हाताऱ्या माणसासाठी मी आता तोच संच सुचवते.

पण आत्याला मी नळी धरायला दिली तेव्हा कार्डिफबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. “आपण कुठून आलो ते कळेल,” एवढंच म्हटलं. तिने विश्वासाने ‘हो’ म्हटलं, आणि मी ते तिच्या वडिलांवरचा संशय तपासायला वापरलं. ही माझी चूक होती आणि ती लहान नव्हती. सहा आठवड्यांनी निकाल आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, “हे तुला जानेवारीपासून माहीत होतं?” मग दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आता कोणी संच मागवायला निघालं की मी आधी हेच विचारते: घरात न सांगितलेलं माणूस निघालं तर तुमच्या आईला, आत्याला ते कळायला हवं आहे का? त्यांना विचारलंत का? हे नळी भरण्याच्या आधी विचारायचं असतं. जुळणीची यादी बंद ठेवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. नमुना नष्ट करा असंही सांगता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागल्याचं उघड झालं, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे आपण देतो त्या गोष्टीचा मालक उद्या बदलू शकतो, हेही वयस्क माणसाला समजेल अशा भाषेत सांगायला हवं. माझ्या आत्याला ते सहज समजलं. गिरणीचे मालक बदलताना तिने पाहिले आहेत.

५८७ चा पेच

आत्या आणि कार्डिफची बाई यांच्यात ५८७ निघाले. आजोबांचं दुसरं घर असेल तर ती आत्याच्या सावत्र बहिणीची मुलगी. त्या नात्याची सरासरी ८७१, पल्ला ४९२ ते १३१५. धाकट्या आजोबांची असेल तर आत्याच्या चुलत बहिणीची मुलगी: सरासरी ४३३, पल्ला १०२ ते ९८०. ५८७ दोन्हींत बसतो, आणि तसं पाहिलं तर दोन्ही सरासऱ्यांपासून लांबच आहे.

इथे ते मामाच्या मुलीशी झालेलं लग्न आडवं आलं. आजी ही आजोबांची मामेबहीण, म्हणजे धाकट्या आजोबांचीही मामेबहीण. त्यामुळे दोघा भावांपैकी कोणाच्याही वंशजाशी आत्याचा डीएनए दोन वाटांनी जुळतो, एकदा वडिलांकडून आणि एकदा आईकडून. बेटिंजरचा तक्ता अशी दुहेरी नाती धरून केलेला नाही. दुसरी वाट नुसती मोजली तरी सरासरीत सव्वाशेच्या आसपास भर पडते. ती ४३३ मध्ये घातली की साडेपाचशे होतात, ५८७ च्या अगदी जवळ. ८७१ मध्ये घातली की हजाराजवळ जातात.

हे उमगलं तेव्हा पहिल्यांदा माझा आजोबांवरचा संशय हलला. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मामेबहिणीशी लग्नं झाली आहेत तिथे साइटने लिहिलेलं नातं बहुतेक वेळा एक पायरी जवळचं असतं. आपल्या याद्यांत ते वीस-पंचवीसवाले शेकडो लोकही यामुळेच दिसतात. एकाच जातीत, एकाच टापूत शतकानुशतकं लग्नं झाल्यावर सगळेच सगळ्यांचे थोडे थोडे लागतात. चाळीसच्या खालच्या नावांवर मी वेळ घालवत नाही.

पण ‘जवळ’ आणि ‘लांब’ म्हणजे पुरावा नव्हे. कार्डिफच्या बाईच्या आईची स्वतःची चाचणी हवी होती. या वेळी मी त्या मायलेकी दोघींनाही आधी लिहून कळवलं की काय काय निघू शकतं, आणि त्यात माझ्या आजोबांचं नाव निघण्याची शक्यताही लिहिली. आईंचं उत्तर एका ओळीचं होतं: मी त्र्याहत्तर वर्षं वाट पाहिली आहे, पाठवा.

ऑक्टोबरमध्ये निकाल आला. आत्या आणि त्या, ११२६. सावत्र बहिणींत सरासरी १७५९ आणि कमीत कमी ११६० निघतात. आमच्या दुहेरी नात्यामुळे दोन हजारांच्या आसपास यायला हवे होते. चुलत बहिणींचे ८६६, त्यात दुसऱ्या वाटेचे सव्वादोनशे घातले की अकराशेच्या जवळ. आकडा आता एका बाजूला झुकला होता.

ज्याने माझी खात्री पटली तो मात्र हा आकडा नव्हे. ते एक्स गुणसूत्र. पुरुषाकडे एक्स एकच असतो आणि तो मुलीला अख्खा, न तोडता देतो. म्हणून एका बापाच्या दोन मुली, आया वेगळ्या असल्या तरी, बापाचा एक्स टोकापासून टोकापर्यंत सारखा घेऊन जन्मतात. इथे अपवाद नाही, सरासरी नाही. आम्ही चाचणी केली ती साइट एक्सची जुळणी दाखवत नव्हती. म्हणून दोघींचा कच्चा डेटा उतरवून जीईडीमॅच या मोफत साइटवर चढवला. तिथे पोलिसांच्या शोधासाठी आपला डेटा खुला ठेवायचा की नाही ते विचारतात, आम्ही नाही म्हटलं. आत्या आणि कार्डिफच्या आई एकाच बापाच्या असत्या तर एक्सवर १८० च्या पुढे सलग जुळणी दिसली असती. दिसले दोन सुटे तुकडे, मिळून ७१.

आजोबा नव्हते. मी हे आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे काका जिवंत होते.” मी इतके महिने आजोबांच्या काळजीत होते. तिच्या ध्यानात पहिल्यांदा धाकटी आजी आली.

एक शंका उरत होती. आजीचा एकुलता भाऊ, म्हणजे आत्याचा मामा, हा बाप असता तरी आत्याशी आकडा साधारण हाच आला असता, आणि एक्सही असाच तुकड्यांत. तो गावाबाहेर कधी गेला नव्हता असं सगळे सांगतात, पण सांगण्यावर थांबायचं नसेल तर तपासायचं कसं? त्याची नात न्यू जर्सीला असते. तिने आनंदाने चाचणी केली. मामा बाप असता तर ती कार्डिफच्या आईंची सावत्र भाची ठरली असती आणि आठशे-नऊशेच्या घरात जुळली असती. जुळले ९६. तीही वाट मिटली.

वाय गुणसूत्राची किंवा मातृवंशाची वेगळी महागडी चाचणी यात कुठेही लागली नाही. वाय फक्त बापाकडून मुलाकडे जातो आणि कार्डिफला दोन्ही बायकाच. मातृवंश आईकडून येतो आणि इथला धागा बापाचा. दुकानात दिसतात म्हणून तीनही चाचण्या एकदम घेणारे मी पाहिले आहेत. आधी कोणाचा धागा शोधायचा ते कागदावर काढावं, म्हणजे पैसे वाचतात.

कागद

युद्धात मेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची नावं मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकाशी जोडलेल्या यादीत आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ती घरबसल्या, फुकट शोधता येतात. इंग्रज कारकुनाने लिहिलेली कोकणी नावं, म्हणून जमतील तेवढ्या स्पेलिंगांनी शोधलं. धाकटे आजोबा नाहीत. हा शोध पंधरा मिनिटांचा होता. १९४३ पासून आमच्या घरात कोणी तो केला नव्हता, कारण शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीतही आमचं पान निघालं. १९५६ साली आजोबा तिथे गेले होते आणि त्यांनी स्वतः मोडीमिश्रित अक्षरात कुटुंबाची नावं लिहिली आहेत. वडील, आई, मामा यांच्या नावाआधी ‘कै.’ आहे. धाकट्या भावाच्या नावाआधी नाही. आजोबांना काही कळलं होतं, की हात नुसता पुढे सरकला, हे त्या पानावरून ठरत नाही. आत्याने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

गावचे काका

काकांना सांगायचं का, यावर आम्ही वर्षभर बोललो. मी सांगावं या मताची होते. कार्डिफच्या आई त्यांची सावत्र बहीण आहे आणि दोघंही उतारवयात. पण गोष्ट माझी नव्हती. आत्या म्हणाली, “तो नि मी एका अंगणात वाढलो. मी सांगीन. फोनवर नाही. आणि गणपतीत नाही, घर भरलेलं असतं.” नोव्हेंबर २०२३ मध्ये, भात घरात आल्यावर, ती एकटी गाडीने कणकवलीला उतरली आणि तिथून गावी गेली.

काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं ते एवढंच: ती जन्मली कधी? एकोणपन्नास, आत्या म्हणाली. काका म्हणाले, तेव्हा मी सात वर्षांचा, आई लोकांच्या मळ्यात लावणीला जायची. मग ते उठून गोठ्याकडे गेले.

चाचणी करायची का, हे आत्याने विचारून पाहिलं. त्यांची चाचणी झाली असती तर सगळी आकडेमोड एका फटक्यात संपली असती. सावत्र भाऊ-बहीण, सतराशेच्या आसपास. “माका नको,” ते म्हणाले. कार्डिफच्या आईंनी पाठवलेला फोटोही त्यांनी तेव्हा घेतला नाही. आत्याने तो देवघराच्या खणात, पंचांगाखाली ठेवला आणि ठेवल्याचं त्यांना सांगितलं. मी कार्डिफला हे जसंच्या तसं कळवलं. तिथल्या आईंनी लिहिलं की ते बरोबर आहे, त्यांना घाई करू नका.

पुढचा रस्ता लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून जातो. १९३९ ते १९५० या काळातल्या ब्रिटिश जहाजांच्या नोकरयाद्या तिथे जपल्या आहेत. त्या जहाजागणिक लावलेल्या असल्यामुळे माणसाच्या नावाने हाती लागत नाहीत, जहाज माहीत असावं लागतं. आणि आमच्याकडे ते नाव कोणालाच माहीत नव्हतं. आत्याला नाही, मुंबईच्या चुलत भावंडांना नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रविवारी काकांचा मला फोन आला. त्यांनी मला स्वतःहून फोन केल्याचं मला आठवत नाही. तब्येत विचारली, पाऊस विचारला, आंब्याला मोहोर कसा आहे ते सांगितलं. मग म्हणाले, कागद घे. आणि एक इंग्रजी नाव त्यांनी अक्षर-अक्षर सुटं करून सांगितलं, दोन शब्दांचं, शेवटचं अक्षर दोनदा. बोटीचं नाव. लहानपणी रोज दिवेलागणीला परवचा झाला की आई ते त्यांच्याकडून म्हणवून घेत असे.

मी ते लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं. बरोबर, ते म्हणाले.